फ्रान्सच्या खेड्यात कुणाच्या तरी घरी राहायचं कसं : बुकिंगपासून जेवणाच्या टेबलापर्यंत

पॅरिसला दोन रात्री, मग थेट स्विस बॉर्डर, वाटेत बसच्या खिडकीतून जे दिसलं तेच फ्रान्स, असं ज्यांना नकोय आणि ज्यांना एखाद्या गावात, एखाद्या घरी उतरून तिथल्या माणसांबरोबर जेवायचंय त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितेय. खर्च झेपण्यासारखा असतो, फ्रेंच फाडफाड यायची गरज नाही, पण हॉटेल बुक करायच्या सवयीने गेलात तर गडबड होते. हॉटेलात रिसेप्शन असतं, इथे एक बाई किंवा एक काका असतात जे दुपारी तुमच्या जेवणासाठी भाजी आणतात आणि चार ते सात तुमची वाट बघत घरी थांबलेले असतात. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

आधी कशाला काय म्हणतात ते बघून घ्या

वेबसाइटवर सगळीकडे वेगवेगळे शब्द दिसतात आणि लोक चुकीचं बुक करतात. आपल्याला हवंय ते 'शाँब्र दोत', म्हणजे मालक स्वतः राहतो त्याच घरातली खोली. फ्रेंच कायद्यानुसार अशा घरात जास्तीत जास्त 5 खोल्या आणि 15 पाहुणे ठेवता येतात, ब्रेकफास्ट आणि चादरी-टॉवेल भाड्यातच आले पाहिजेत आणि पाहुण्यांचं स्वागत घरच्यांनीच करायचं. कोकणात घरगुती राहण्या-जेवणाची सोय असते साधारण तसं समजा, फक्त फ्रान्समध्ये त्याची रीतसर नोंद गावच्या 'मेरी'त म्हणजे नगरपालिकेत करावी लागते.

'ताब्ल दोत' म्हणजे त्याच घरी रात्रीचं जेवण. मेन्यूकार्ड नसतं, जे शिजवलंय ते सगळ्यांना, बऱ्याचदा यजमानही त्याच टेबलावर. हे फक्त राहणाऱ्या पाहुण्यांसाठी असतं आणि आधी सांगावं लागतं. माझं स्पष्ट मत असं की ताब्ल दोत नसलेलं घर निवडू नका, निदान एका रात्रीसाठी तरी नकोच, कारण खोलीत झोपून सकाळी क्रोसाँ खाऊन निघालात तर त्या माणसांशी दहा वाक्यंसुद्धा बोलणं होत नाही. जे काही होतं ते रात्रीच्या टेबलावर.

'झीत' हे वेगळं प्रकरण आहे. ते म्हणजे अख्खं घर भाड्याने, स्वयंपाक आपला आपण, जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी शनिवार ते शनिवार आठवडाभराचंच. चार-सहा जणांची फॅमिली, सोबत आजी-आजोबा आणि रोज वरण-भात हवाच असेल तर झीत घ्या, तेच बरं. आणि 'झीत देताप' हे चालत जाणाऱ्यांसाठीचं, बंक बेडवालं.

शोधायचं कुठे? झीत द फ्रान्स ही 1955 पासूनची जुनी संस्था, ते घराला गव्हाच्या कणसांनी रेटिंग देतात, एक ते पाच. कणसं सोयीसुविधांची असतात, माणसांची नाहीत, त्यामुळे दोन कणसांच्या शेतघरात कधीकधी जास्त मजा येते. शेतकऱ्यांच्याच घरी राहायचं असेल तर 'बिअँव्हन्यू आ ला फेर्म' आणि 'आक्योय पेझाँ' ही दोन नेटवर्क बघा, पहिलं तिथल्या कृषी चेंबर्सचं आहे आणि दुसरं छोट्या शेतकऱ्यांनी 1987 मध्ये सुरू केलेलं. बुकिंग डॉट कॉम, एअरबीएनबीवरही यातली घरं सापडतात पण घराची स्वतःची साइट असेल तर तिथूनच मेल करा, संवाद तिथूनच सुरू होतो.

वूफिंगबद्दल बरेच जण विचारतात, म्हणजे ऑर्गॅनिक शेतावर काम करायचं आणि बदल्यात राहणं-खाणं. आयडिया छान आहे पण आपल्या पासपोर्टवर टुरिस्ट व्हिसा असतो आणि त्यावर काम करायची परवानगी नसते, बॉर्डरवर 'शेतावर काम करायला चाललोय' म्हणालात तर उगाच प्रश्न ओढवून घ्याल. पहिल्या ट्रिपला पैसे देऊन राहा.

कुठे आणि कधी

फ्रान्स मोठा आहे, सगळं बघायला जाऊ नका. एक किंवा दोन भाग निवडा आणि एका घरी किमान दोन, जमलं तर तीन रात्री राहा. पहिल्या रात्री सगळे एकमेकांशी जपून बोलतात, दुसऱ्या रात्री यजमान फोटोंचा अल्बम काढतात.

ओव्हेर्न्य मला सगळ्यात आवडतं, जुने ज्वालामुखी, गाई, चीज, गर्दी कमी, दर कमी. दोर्दोन्य देखणं आहे पण तिथे घरोघरी बदक आणि फ्वा ग्रा म्हणजे बदकाचं लिव्हर, शाकाहारी माणसाची थोडी पंचाईत. प्रोव्हाँस ऑगस्टमध्ये तापतं आणि महागही पडतं. लॅव्हेंडर बघायचं असेल तर जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत जा, नंतर कापणी होते. ब्रिटनीत समुद्र, पाऊस आणि कुट्टूच्या पिठाच्या गालेत, म्हणजे धिरडी. चालायची आवड असेल तर ल प्युई गावाहून निघणारी जीआर 65 ही यात्रेकरूंची वाट घ्या, स्पेनमधल्या सँतियागोला जाणारी. या वाटेवर राहण्या-जेवणाची सोय गावोगावी आहे आणि पैसे दिले की बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या गाड्याही आहेत.

मे-जून किंवा सप्टेंबर हा काळ उत्तम. 14 जुलै ते 20 ऑगस्ट अख्खा फ्रान्स सुट्टीवर असतो. मे महिन्यातही 1 आणि 8 तारखेला सुट्टी, त्यात असेंशन या ख्रिस्ती सणाचा गुरुवार, मग लोक मधला दिवस रजा टाकून लांब वीकेंड करतात, तेव्हा खोल्या आधीच भरतात. नोव्हेंबर ते ईस्टर बरीच घरं बंद. शरद ऋतूत रानातून चालणार असाल तर भडक रंगाचं जॅकेट घाला, शिकारीचा सीझन असतो, हे गंमत म्हणून सांगत नाहीये.

व्हिसाचं काय

शेंगेन म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच असलेला शॉर्ट स्टे व्हिसा, 180 दिवसांत 90 दिवस. फी 90 युरो, वर अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीचा सर्व्हिस चार्ज. मुंबई, पुण्याला सेंटर आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलेला अर्ज उपयोगाचा नाही, आणि उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळेपर्यंत नाकीनऊ येतात तेव्हा मार्चमध्येच हालचाल करा. इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा.

इथे एक घोळ नेहमी होतो. ओळखीच्या माणसाकडे फुकट राहणार असाल तर त्याला आपल्या मेरीतून 'अतेस्तासियों दाक्योय' नावाचा कागद काढावा लागतो, त्याला 30 युरोचा स्टँप लागतो, तो ओरिजिनल कागद तुमच्याकडे हवा. पण शाँब्र दोतमध्ये पैसे देऊन राहत असाल तर हा कागद लागत नाही, हॉटेलसारखंच बुकिंग कन्फर्मेशन चालतं. छोट्या घरांकडून येणारं कन्फर्मेशन म्हणजे कधीकधी नुसती एक ओळ असते, 'ठीक आहे, या', ते व्हिसाला पुरत नाही. त्यांना नम्रपणे सांगा की व्हिसासाठी तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, तारखा, घराचा पत्ता, भरलेली रक्कम असं लिहून सही करून पीडीएफ पाठवा. पैशांचा पुरावा म्हणून फ्रान्स दिवसाला माणशी 65 युरो धरतं जर राहण्याचं बुकिंग असेल, बुकिंगशिवाय 120, आणि तो मेरीचा कागद असेल तर 32.50.

पहिला मेल नीट लिहा

कन्फर्मेशन मागण्याआधीचा मेल हा. निम्मी ट्रिप या मेलवर ठरते. ट्रान्सलेटर वापरून फ्रेंचमध्येच लिहा, खाली इंग्रजी जोडलं तरी चालेल. सुरुवात 'बोंजूर मादाम, बोंजूर मस्य' अशीच, थेट 'इज रूम अव्हेलेबल' नको. मग इतकं सगळं लिहा: कोण आहात, किती जण, मुलांची वयं, कुठल्या तारखा, कशाने येणार आणि साधारण किती वाजता पोचणार, रात्रीचं जेवण कोणकोणत्या दिवशी हवंय, काय खात नाही. पायऱ्या चढायला त्रास होत असेल तर तेही, कारण जुन्या दगडी घरांत खोल्या वरच्या मजल्यावर आणि जिने अरुंद.

खाण्याचं जरा खोलात लिहा. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मासे पुढे येऊ शकतात, किंवा कीश नावाच्या अंडं-क्रीमच्या खाऱ्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, त्यांना 'लार्दों' म्हणतात आणि ते सॅलडपासून बटाट्यापर्यंत कुठेही असतात. म्हणून सरळ लिहा की मांस नाही, मासे नाहीत, लार्दों नाहीत, मांसाचा स्टॉक नाही. आणि लगेच पुढच्या वाक्यात काय चालतं ते लिहा, अंडी, चीज, दूध, डाळी, सगळ्या भाज्या, म्हणजे बाई हुश्श करतात. नुसती नकारांची यादी वाचून कोणत्याही सुगरणीला टेन्शन येणारच. कडक शाकाहारी असाल तर हेही माहीत असू द्या की कोंते, रोकफोर, नॉर्मंडीचं अस्सल कामाँबेर या चीजांत जनावराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं द्रव्य असतं. जैन जेवण मात्र कांदा-लसणाशिवाय, तिथे मागणं म्हणजे दोघांनाही शिक्षा, तुम्ही झीत घ्या.

पैसे: दोघांची खोली ब्रेकफास्टसकट साधारण 65 ते 110 युरो, जेवण माणशी 22 ते 35 च्या आसपास, त्यात बहुतेकदा वाइनही आली. वर थोडासा 'ताक्स द सेझूर', म्हणजे पर्यटकांकडून घेतला जाणारा कर, दर रात्री माणशी. ॲडव्हान्स मागतील, तेव्हा कागदावर 'आर' लिहिलंय की 'आकोंत' ते बघा. आर म्हणजे तुम्ही कॅन्सल केलंत तर ते पैसे गेले पण तिथेच सुटका, आणि त्यांनी कॅन्सल केलं तर त्यांनी दुप्पट परत द्यायचे. आकोंत म्हणजे पक्का करार, मागे फिरलात तर उरलेली रक्कमही मागू शकतात. उरलेले पैसे बरेच जण कॅश घेतात, कार्ड मशीन प्रत्येक घरी नसतं आणि खेड्यात एटीएम शोधत फिरायला लागतं, म्हणून मोठ्या गावातच काढून ठेवा.

तिथे पोचायचं कसं

मोठ्या शहरापर्यंत टीजीव्ही ही वेगवान गाडी, पुढे टीईआर ही लोकल-पॅसेंजर टाइप गाडी, तिकिटं फ्रेंच रेल्वेच्या एसएनसीएफ कनेक्ट ॲपवर. स्टेशनपासून गाव पंधरा-वीस किलोमीटर असतं आणि बस दिवसातून दोनदा, रविवारी नाहीच. यजमानांना विचारा, कित्येकदा ते स्टेशनवर घ्यायला येतात, पेट्रोलचे पैसे विचारा मात्र. ओला-उबरचं स्वप्न सोडा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा, एक वर्ष चालतं, सोबत ओरिजिनल लायसन्सही ठेवा. उजव्या बाजूने गाडी चालवायची हे सगळ्यांना माहीत असतं. जे माहीत नसतं ते हे की पाटी किंवा सिग्नल नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो एखाद्या गल्लीतून ट्रॅक्टर घेऊन का येईना. गावाबाहेरच्या साध्या रस्त्यांवर 2018 पासून 80 ची मर्यादा आहे, काही जिल्ह्यांनी ती परत 90 केलीय, पाटी बघून चालवा. गावातले पेट्रोल पंप बिनमाणसाचे असतात, तिथे पिनवालं कार्ड लागतं. दुकानं दुपारी बारा-साडेबारा ते दोन बंद, रविवार दुपारपासून सोमवारपर्यंत बरंच काही बंद, तेव्हा पाण्याच्या बाटल्या, फळं, औषधं शनिवारी.

दारात पोचल्यावर

सांगितलेल्या वेळेत पोचा. उशीर होणार असेल तर फोन करा, मेसेज नाही, फोन, गावात रेंजचे वांधे असतात त्यामुळे लँडलाइन नंबर लिहून ठेवा. दार उघडलं की आधी बोंजूर, संध्याकाळ असेल तर बोंस्वार, आणि नावाऐवजी मादाम-मस्य. गालाला गाल लावून 'बीझ' करायची की हात मिळवायचा हे त्यांच्यावर सोडा, पहिल्या भेटीत बहुतेक हातच. बोलताना 'व्हू' वापरा, आपल्या अहो-जाहोसारखं, ते स्वतः म्हणाले की 'तू' म्हणा, तरच. ज्यांनी दहावीला मार्कांसाठी फ्रेंच घेतलं होतं त्यांनी लाजू नका, तेवढ्या मोडक्यातोडक्यावर तीन दिवस आरामात निघतात आणि समोरचे खूश होतात. निघायला वेळ असेल तर अलियाँस फ्राँसेझमध्ये एक बेसिक कोर्स करून जा, मुंबई-पुण्यात आहे.

बाथरूमचं सांगते कारण यावरून खरोखर वाद होतात. टॉयलेट आणि बाथरूम बऱ्याच घरांत वेगळं असतं. बाथरूमच्या फरशीला मोरी नसते, खाली लाकडी तक्तपोशी असू शकते, बादली-तांब्याने आंघोळ केलीत तर खालच्या खोलीत पाणी गळेल. शॉवरच्या कोपऱ्यातच आणि पटकन आटपा, कारण गरम पाणी टाकीतून येतं, टाकी संपली की पुढच्या माणसाला गार. खेड्यात सेप्टिक टँक असतो, टॉयलेट पेपरशिवाय काहीही टाकू नका, वेट वाइप्स तर अजिबात नाही. मग सोबत काय न्यायचं ते तुम्हाला कळलंच असेल, आमच्याकडे प्रत्येकाच्या बॅगेत एक छोटी पाण्याची बाटली असते.

किचन त्यांचं आहे. चहासाठी गरम पाणी मागा, देतात, पण इंडक्शनवर फोडणी द्यायला जाऊ नका, वास आठवडाभर जात नाही. खोलीत इलेक्ट्रिक कुकर लावणं तर मुळीच नको. कपडे धुवायचे असतील तर मशीनचं विचारा, काही जण थोडे पैसे घेऊन लावून देतात.

रात्रीचं टेबल

साडेसात-आठला बोलावतील. आधी अपेरो, म्हणजे अंगणात नाहीतर चुलीशी बसून एक ग्लास काहीतरी आणि खारे शेंगदाणे, ऑलिव्ह. दारू घेत नसाल तर 'पा दालकोल पूर म्वा' म्हणा, कोणी आग्रह करत नाही, सिरप किंवा ज्यूस येईल. ग्लास उचलताना 'साँते' म्हणायचं आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, ग्लासात नाही.

मग एकेक पदार्थ येतो आणि इथे आपण फसतो. पहिल्याच सूपवर आणि ब्रेडवर पोट भरून घेऊ नका, त्यानंतर मुख्य पदार्थ, मग चीज, मग गोड असं सगळं येणार आहे, दोन-अडीच तास सहज. ब्रेडला वेगळी प्लेट नसते, ताटाशेजारी टेबलावरच ठेवायचा, हाताने तोडायचा. दोन्ही हात टेबलावर दिसले पाहिजेत, मांडीवर नाही. वाढून घेताना आधी थोडं घ्या कारण ताटात टाकलेलं आवडत नाही, दुसऱ्यांदा घेतलंत तर मात्र बाईंचा चेहरा फुलतो.

चीजच्या पाटाला मान आहे. पाट फिरत येतो, त्यावर तीन-चार प्रकार, एक सुरी. गोल चीज केकसारखं मधून कापायचं, ब्रीसारखा त्रिकोण असेल तर त्याचं टोक कापून घ्यायचं नाही, लांबीने बाजूची पट्टी घ्यायची, म्हणजे मधला मऊ भाग आणि कडेची साल प्रत्येकाला सारखी येते. पाट सहसा एकदाच फिरतो. आणि वासावर जाऊ नका, सगळ्यात उग्र वासाचं चीज चवीला कित्येकदा सौम्य असतं.

शाकाहारी माणसाला काय मिळतं? ओव्हेर्न्यमध्ये ल प्युईची हिरवी मसूर, तिला 1996 मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय, कांदा-गाजर घालून केलेली ही मसूर खाल्ली की भात आठवतो. ओब्राकच्या पठारावर आलिगो, बटाटा, ताजं चीज आणि लसूण घोटून घोटून, चमचा वर उचलला की हातभर तार निघते. प्रोव्हाँसमध्ये रातातूय ही वांगी-टोमॅटोची मिक्स भाजी आणि बेसिल घातलेलं पिस्तू सूप. बटाट्याचं ग्रातें, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेले बटाट्याचे काप, कुठेही. अंडी खात असाल तर प्रश्नच नाही, ऑम्लेट जगात कुठेही नसेल इतकं लुसलुशीत मिळतं. तिखट लागत असेल तर चटणीची डबी खिशात ठेवा, पण पहिला घास तसाच खाऊन, छान म्हणून, मग विचारून घाला. आणि त्यांना चव द्या, बहुतेकांना नाही झेपत, पण टेबलावर हशा होतो.

बोलायचं काय? पगार, घराची किंमत, मुलं का नाहीत हे विषय नकोत. शेती, पाऊस, गाईंच्या जाती, गावातली शाळा बंद झाली का, चीज कसं करतात, हे विचारा. ते जातिव्यवस्था आणि अरेंज्ड मॅरेज विचारणारच, उत्तर तयार ठेवा.

सकाळचा ब्रेकफास्ट गोड असतो, ब्रेड, लोणी, घरचा जॅम, वाडग्यात कॉफी, त्यात ब्रेड बुडवून खातात, तुम्हीही बुडवा. पोहे-उपमा सोडाच, अंडंसुद्धा सहसा नसतं.

भेट काय न्यायची

पेढे, बर्फी, तूप, श्रीखंडवडी नेऊ नका. युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांनी आणायला बंदी आहे, कस्टम्सने पकडलं तर जप्त. हापूसची पेटीही नाही, ताज्या फळांना सर्टिफिकेट लागतं, कढीपत्त्याचंही तेच. चालतं ते म्हणजे लोणावळ्याची चिक्की, कोकणातले भाजलेले काजू, पॅक केलेला चहा-मसाला, वारलीची छोटी फ्रेम, हिमरूचा स्टोल. जॅम करणाऱ्या बाईला आमसुलं दिली तर ती अर्धा तास प्रश्न विचारेल. वाटेत फुलं घेणार असाल तर शेवंती नको, तिथे ती नोव्हेंबरमध्ये थडग्यांवर वाहतात.

निघायच्या दिवशी

दहा-साडेदहाला खोली मोकळी. चादरी काढायच्या का ते विचारा, सहसा नको म्हणतात. टिप द्यायची पद्धत नाही, दिलीत तर अवघडतात. दाराजवळ 'लिव्हर दोर' म्हणून वही असते, त्यात दोन ओळी लिहा, मराठीतच लिहा, खाली फ्रेंच अर्थ. हिशेब आदल्या रात्रीच विचारून ठेवा म्हणजे सकाळी सुट्ट्या पैशांची शोधाशोध नको.

काही दुखलं-खुपलं तर 112, ॲम्ब्युलन्सला थेट 15. किरकोळ असेल तर हिरव्या क्रॉसची फार्मसी, पण ती रविवारी बंद, तेव्हा यजमानांनाच विचारा, ड्युटीवरची फार्मसी कुठली ते त्यांना ठाऊक असतं.

पुढचा मुक्काम ठरलेला नसेल तर निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विषय काढा. ही घरं एकमेकांना ओळखतात, बाई स्वतः फोन लावतात, तुम्ही काय खात नाही तेही तिकडे सांगून टाकतात, आणि ताब्ल दोतची ऑर्डरसुद्धा त्याच फोनवर होऊन जाते.